मांडवगडावरील बिनतारी कळफलक

आमच्या आत्याबाई धारला राहतात. वसईकडील आमच्या गावातून त्या नोकरीनिमित्त तिकडे गेल्या, त्याला आता पंचावन्न वर्षे झाली. धार हे पवारांचे जुने संस्थान असल्यामुळे मराठी तेथे परकी नाही. अजूनही कित्येक घरांतून ती बोलली जाते. आत्याबाईंनी तेथील एका शाळेच्या कार्यालयात लेखनिक म्हणून सारा जन्म काढला आणि रेमिंग्टनच्या टंकयंत्रावर देवनागरी मजकूर उतरविता उतरविता बोटांना असे वळण लावले की, कागदावरची नजर न हलविता त्या ओळीमागून ओळ उठवीत असत. निवृत्तीनंतर महिन्याला एक तरी पत्र आमच्या घरी येई. पाने चार, अक्षर मोत्याचे, आणि शेवटी सर्वांची नावे घेऊन आशीर्वाद.

दोन वर्षांपूर्वी ही पत्रे थांबली. त्यांचा हात कापू लागला होता. लेखणी धरवेना. नातवाने मोबाईल हाती दिला, पण कापऱ्या बोटाला मोबाईलची काच म्हणजे शिक्षाच. काचेवर कळ नसते, कळीचे चित्र असते. बोटाला ती लागत नाही, दबली की नाही हे कळत नाही, आणि बोट जरा थरथरले की एका अक्षराऐवजी तीन उमटतात. ‘‘बोलून लिहा ना, आजी,’’ असे नातू म्हणाला. बोलणे ऐकून अक्षरे उमटविण्याची सोय आता साध्या मोबाईलांतही असते आणि ती मराठीतही बरी चालते. आत्याबाईंनी एकदा करून पाहिले आणि मोबाईल खाली ठेवला. ‘‘सगळ्या घरादाराला ऐकवून लिहायचे, तर मग पत्र कशाला? अंगणात उभी राहून ओरडते की!’’

त्यांना एक पत्र लिहावयाचे होते, हे आम्हांला पुढे कळले. ते पत्र माझ्या थोरल्या चुलत्यांना, म्हणजे आत्याबाईंच्या दादांना होते. बहीणभावांत गावच्या घरामागील वाडीच्या तुकड्यावरून नऊ वर्षे अबोला होता. मोजणीचा अर्ज झाला, वकिलाच्या नोटिसा झाल्या. ह्यांत कोणाचे किती चुकले ते सांगण्याचा अधिकार माझा नव्हे. जे सांगतो आहे तेही दोघांची परवानगी घेऊनच सांगतो आहे. कारण ह्या गोष्टीत एक लहानसे यंत्र आहे, आणि तसले यंत्र आज ना उद्या आपल्या वाचकांच्या घरी येणार आहे. काहींच्या घरी आलेही असेल.

गेल्या पावसाळ्यात आम्ही उभयता धारला गेलो. नातवाने त्याच सुमारास आजीसाठी बिनतारी कळफलक आणला होता. धारहून मांडव पस्तीस किलोमीटर. विंध्याच्या एका सुट्या पठारावर, खोल दरीच्या पलीकडे वसलेला हा गड पावसाळ्यात पाहावा, असे सर्वच सांगतात. आम्हीही पाहिला. धुके एवढे की जहाजमहालाच्या एका टोकाकडून दुसरे टोक दिसत नव्हते, आणि रूपमतीच्या मंडपावरून नर्मदा दिसते म्हणतात, ती आम्हांला विश्वासावर मान्य करावी लागली. वाटेवर गोरखचिंचेची प्रचंड झाडे भेटली. मोठा बुंधा, वर इवल्या फांद्या. जणू कोणी झाड उपटून उलटे खोचले आहे. तिच्या पांढऱ्या आंबट गराची फळे तेथे रस्त्यावर विकावयास असतात. आमच्या सौभाग्यवतींनी दोन घेतली. एक अजून फडताळात आहे.

आत्याबाईंनी मात्र गड पाहिलेला होता. त्या विश्रामगृहाच्या पडवीत खुर्ची टाकून बसल्या. मांडीवर कळफलक होता, आणि समोरच्या तिपाईवर पाण्याच्या तांब्याला टेकवून मोबाईल ठेवला होता. आम्ही निघालो तेव्हा त्यांनी आम्हांला जवळजवळ घालवूनच दिले.

पुढे काय घडले ते समजण्यासाठी हा कळफलक मोबाईलशी बोलतो कसा, हे आधी सांगितले पाहिजे.

तार नाही म्हणजे तेथे रेडिओच्या लहरी आहेत. कळफलकात एक इवलासा प्रक्षेपक असतो, तसाच मोबाईलात आणि संगणकात असतो, आणि त्यांच्या परस्पर बोलण्याच्या पद्धतीला ब्लूटूथ म्हणतात. ह्या नावाचा अर्थ ‘निळा दात’. दहाव्या शतकात डेन्मार्कात हाराल्ड नावाचा राजा होऊन गेला, त्याचे हे टोपणनाव. त्याने स्वतः बाप्तिस्मा घेतला. येलिंग गावी, सुमारे ९६५ साली, त्याने आईबापांच्या स्मरणार्थ एक मोठी शिळा उभी केली. डेन्मार्क व नॉर्वे आपण जिंकले आणि डेन लोकांना ख्रिस्ती केले, असे तिच्यावर कोरलेले आहे. तिच्या एका अंगाला ख्रिस्ताची आकृती आहे. त्या उत्तरेकडील देशांतील ती सर्वांत जुन्या आकृत्यांपैकी एक. फुटलेल्या टोळ्यांना एकत्र आणणारा राजा म्हणून १९९७ साली एका अभियंत्याने नव्या बिनतारी पद्धतीला त्याचे नाव तात्पुरते सुचविले. पुढच्याच वर्षी पाच कंपन्यांनी मिळून ती पद्धत जाहीर केली, आणि तात्पुरते नाव कायमचे झाले. मोबाईलवरील ती कोनाकोनांची निळी खूण म्हणजे त्या राजाच्या नावाची दोन आद्याक्षरे, तेथील प्राचीन लिपीतली, एकमेकांत गुंफलेली.

ह्या लहरी दहा मीटरांपर्यंत चांगल्या पोहोचतात. भिंत मध्ये आली तर कमी, मोकळ्या जागेत थोड्या अधिक. घरातील वायफाय आणि अन्न गरम करावयाची मायक्रोवेव्ह भट्टीही लहरींच्या त्याच पट्ट्यात असतात. तेव्हा ह्या गलबल्यात शब्द हरवू नये म्हणून ब्लूटूथ एका वाटेवर थांबतच नाही. मूळ पद्धतीत ७९ वाटा आहेत आणि एका सेकंदात १६०० वेळा वाट बदलते. ह्या वाटबदलाच्या कल्पनेचे एक जुने पेटंट १९४२ सालचे आहे. ते मिळविणाऱ्या दोघांपैकी एक हेडी लामार ही हॉलिवूडची नटी आणि दुसरा एक संगीतकार. त्यांच्या योजनेत वाटा ८८ होत्या, पियानोला तेवढ्याच कळा असतात म्हणून.

परंतु लहरींना पत्ता नसतो. मांडवात दाईच्या महालाजवळ एक जागा आहे. तेथे वाटाड्या हाक मारतो आणि पलीकडल्या दरीतून ती स्पष्ट परत येते. पर्यटक आपापल्या मुलांची नावे ओरडतात. हाक एकाला मारलेली असली तरी ऐकू सर्वांनाच जाते. कळफलकाचेही असेच आहे. तो जे सांगतो ते आसपासच्या दहा यंत्रांच्या अंगावरून जाते. म्हणून वापरण्यापूर्वी एकदा कळफलकाची आणि मोबाईलची ओळख करून द्यावी लागते. ह्याला जोडी लावणे म्हणतात. त्या वेळी दोघे मिळून एक गुप्त किल्ली ठरवितात, ती आपापल्यापाशी जपून ठेवितात, आणि त्यापुढील सारे बोलणे त्या किल्लीने बंद करून पाठवितात. इतरांच्या कानी पडते ते केवळ अर्थहीन.

ओळख करून देण्याची रीत अशी. कळफलकाच्या पोटाशी किंवा कडेला एक बटण असते, ते सरकवून तो चालू करावा. मग जोडीची कळ (बहुधा तिच्यावर तीच निळी खूण असते) तीन ते पाच सेकंद दाबून धरावी, म्हणजे दिवा भराभर लुकलुकू लागतो. दिवा लुकलुकला नाही तर पुढचे सारे व्यर्थ. पुष्कळ लोक येथेच अडतात, कारण ते कळ दाबतात पण धरीत नाहीत. नंतर मोबाईलच्या सेटिंगमध्ये जाऊन ब्लूटूथ उघडावे व नवे यंत्र जोडण्याची ओळ दाबावी. थोड्या वेळाने कळफलकाचे नाव दिसेल, त्यावर बोट टेकवावे. काही कळफलक तेवढ्याने जोडले जातात. काहींच्या बाबतीत मोबाईलवर सहा अंकी संख्या उमटते. ती मोबाईलवर नव्हे, कळफलकावर उठवावयाची, आणि शेवटी एंटरची कळ दाबावयाची. एंटर राहिली की संख्या बरोबर असूनही जोडी लागत नाही. ही संख्या कशासाठी, असे आत्याबाईंनी विचारले होते. ज्याच्या हाती कळफलक आहे त्याच्याच डोळ्यांसमोर पडदा आहे, एवढे ती सिद्ध करते. शेजारच्या खोलीतल्या परक्याला ती दिसत नाही, म्हणून उठविता येत नाही. संगणकाचीही रीत हीच, फक्त सेटिंगची दारे निराळी.

बाजारात दुसराही एक प्रकार मिळतो. त्याच्याबरोबर नखाएवढी एक खुंटी येते. ती संगणकाच्या खाचेत खोचली की काम झाले, ओळखपाळख काही नको. सोपा खरा, पण ती खुंटी हरवली की बहुधा कळफलक निरुपयोगी. मोबाईलला लावावयाचा तर मध्ये एक जोडतुकडाही लागतो. शिवाय २०१६ साली काही संशोधकांनी दाखवून दिले की, ह्या जातीचे काही स्वस्त कळफलक आपले बोलणे किल्लीने बंद न करिता उघडेच पाठवितात आणि दूर बसलेला मनुष्य ते वाचू शकतो. ब्लूटूथचे कळफलक त्या दोषात नव्हते. त्यांचा निराळा दोष २०२३ च्या डिसेंबरात उजेडात आला. परका संगणक आपण कळफलक आहोत असे भासवून, मालकाला न विचारता मोबाईलशी जोडला जाऊ शके. नव्या मोबाईलांसाठी त्यावर लगेच दुरुस्ती निघाली. अँड्रॉइड १० व त्याहून जुन्या मोबाईलांना ती मिळाली नाही. तेव्हा घरात असा जुना मोबाईल असेल तर बाजारात, गाडीत, परक्या ठिकाणी ब्लूटूथ बंद ठेवावे, आणि नवा असेल तर येणाऱ्या दुरुस्त्या टाळू नयेत.

आता ज्या गोष्टीने आत्याबाईंचा घात केला आणि एका अर्थी रक्षणही केले ती. कळफलक अक्षर पाठवीतच नाही! पुष्कळ लोक दुकानात जाऊन मराठी अक्षरांचा कळफलक मागतात, मिळाला नाही म्हणजे हिरमुसून परत येतात. वास्तविक कळफलक एवढेच सांगतो की, अमुक जागेवरची कळ दाबली. जागेला क्रमांक असतो. इंग्रजी ‘ए’ छापलेल्या कळीचा क्रमांक ४, तिच्यावर काहीही छापलेले असो. त्या क्रमांकाचे इंग्रजी अक्षर करावयाचे की मराठी, हे पलीकडचा मोबाईल किंवा संगणक ठरवितो. म्हणून कोणताही कळफलक मराठी लिहितो. मात्र मोबाईलात किंवा संगणकात मराठीची रचना बसविलेली पाहिजे. विंडोजच्या संगणकात ती भाषेच्या सेटिंगमधून मिळते, आणि खिडकीची खूण असलेली कळ धरून लांब कळ दाबली की इंग्रजीवरून मराठीवर जाता येते. काही मोबाईलांत ती आरंभापासून असते, काहींत एखादे ॲप उतरवून घ्यावे लागते.

मराठीसाठी सरकारमान्य जी रचना आहे तिचे नाव इन्स्क्रिप्ट. १९८६ साली केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने ती ठरविली आणि १९९१ साली भारतीय मानकांत तिला स्थान मिळाले. आत्याबाईंच्या रेमिंग्टनमध्ये कळ शोधावयाची ती सवयीने, कारण त्या मांडणीला व्याकरणाचा आधार नव्हता. इन्स्क्रिप्टमध्ये आहे. स्वर व मात्रा डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला. क, त, च, ट, प ही मधल्या ओळीत, आणि त्यांचीच मृदू भावंडे ग, द, ज, ड, ब वरच्या ओळीत, जवळजवळ डोक्यावर. शिफ्टची कळ धरली की प्रत्येकात ह मिसळतो. कचा ख, गचा घ, पचा फ. लची शिफ्ट ळ. वर्णांची वर्गवारी ज्याला पाठ आहे त्याला ही रचना आठवडाभरात येते. आणि ह्या माळव्याला वर्णांच्या मांडणीचे कौतुक काही नवे नाही. धारच्या भोजशाळेत, उज्जैनला महाकालेश्वराच्या आवारात आणि निमाडातील ऊन येथे परमार काळातील सर्पबंध कोरलेले आहेत. एक नाग वेटोळे घालून पडलेला, आणि त्याच्या अंगावर वर्णमाला व प्रत्यय ओळीने बसविलेले. धार संस्थानचे शिक्षणाधिकारी का. कृ. लेले ह्यांनी तेथील शिलालेखांकडे विद्वानांचे लक्ष वेधले. विद्यार्थ्याच्या डोळ्यांसमोर भाषा एका दृष्टिक्षेपात यावी, एवढाच त्या कोरणाऱ्याचा हेतू असावा. इन्स्क्रिप्ट करणाऱ्यांचाही दुसरा कोणता होता?

ह्या सोयीची किंमत आम्हां ख्रिस्ती वाचकांस इतरांहून अधिक कळावी. फादर स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले. देशी भाषेत आणि देशी अक्षरांत पुस्तके छापावीत, ही त्यांची फार वर्षांची इच्छा. १६०८ साली रोमला आपल्या वरिष्ठांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी अडचण कळविली आहे. युरोपात चोवीस अक्षरांवर भागते, येथे अक्षरे जोडून होतात, म्हणून साचे सहाशेच्या घरात जातात, आणि एवढे पाडणे अशक्य वाटते. शेवटी सुमारे अकरा हजार ओव्यांचे ख्रिस्तपुराण १६१६ साली रायतूरच्या छापखान्यातून निघाले ते रोमन लिपीत. मराठी भाषा, पण अक्षरे परकी. १६४९ आणि १६५४ साली ते पुन्हा छापले गेले तेही रोमन लिपीतच. देवनागरी खिळ्यांनी मराठीचे पुस्तक श्रीरामपूरला छापले जावयास १८०५ साल उजाडले, आणि शांताराम बंडेलूंनी पुण्यास ख्रिस्तपुराणाची देवनागरी आवृत्ती काढली ती १९५६ साली. तीनशे चाळीस वर्षांनी! आता ‘ख्रिस्त’ हा शब्द लिहावयाचा तर साचा नको, खिळा नको. ख, पायमोड, र, ऱ्हस्व वेलांटी, स, पायमोड, त, अशा सात कळा. जोडाक्षर यंत्र आपले आपण बांधते.

माझे थोरले चुलते हे सारे आम्हांला रंगवून सांगत, कारण ते जुळारी होते. मुंबईत गिरगावातील एका छापखान्यात त्यांनी पस्तीस वर्षे शिशाचे खिळे जुळविले. जोडाक्षरांनी भरलेल्या त्या खणांसमोर उभे राहून त्यांच्या पायांच्या शिरा सुजल्या. पुढे छापखान्यात संगणक आले तेव्हा वयाच्या पन्नाशीत ते इन्स्क्रिप्ट शिकले आणि तरुणांच्या बरोबरीने चालविले. म्हणजे दादाला आणि बहिणीला कळफलक दोन निरनिराळ्या वाटांनी येत होता. रेमिंग्टनची बोटे मोडून इन्स्क्रिप्ट शिकावयास आत्याबाईंना, एकोणऐंशीव्या वर्षी, पाच आठवडे लागले. नातवाने कळांवर मराठी अक्षरांच्या चिकट्या लावून दिल्या होत्या. ‘‘चिकट्या काढून टाक,’’ असे त्या तिसऱ्या आठवड्यात म्हणाल्या. ‘‘त्या पाहिल्या की बोटे विचारात पडतात.’’

तर मांडवात असे घडले.

त्यांच्या कळफलकाला एकाच वेळी तीन यंत्रांची ओळख ठेविता येते. वर डाव्या कोपऱ्यात १, २, ३ अशा तीन लहान कळा आहेत. १ दाबली की आजीचा मोबाईल, २ दाबली की नातवाचा संगणक. आदल्या रात्री नातवाने गंमत म्हणून ही दुसरी ओळख करून दिली होती. पडवीत बसता बसता आत्याबाईंचा कापरा हात त्या कोपऱ्यावर टेकला असावा. मोबाईल तांब्याला टेकलेला, पडदा अंधुक, आणि जुन्या शिस्तीप्रमाणे त्यांची नजर पडद्यावर नव्हतीच. मनातला मजकूर बोटांतून उतरत होता. पाठीमागच्या खोलीत, भिंतीपलीकडे पाच-सहा पावलांवर, नातवाचा संगणक उघडा होता, आणि त्यावर आमच्या साऱ्या कुटुंबाचा व्हॉट्सॲपगट. मुंबई, वसई, नाशिक, शिवाय दोहा येथील दोघी भाच्या, मिळून सव्वीस माणसे. प्रत्येक ओळीच्या शेवटी आत्याबाई एंटर दाबीत होत्या. टंकयंत्रावर ओळ संपली की दट्ट्या सरकवावयाचा, तसे. संगणकावर एंटर म्हणजे पाठव.

अकरा ओळी गेल्या.

परंतु नातवाच्या संगणकावर चालू होती ती इंग्रजीची रचना. कळफलकाने जागा सांगितल्या आणि संगणकाने त्यांची इंग्रजी अक्षरे केली. आत्याबाईंनी आरंभी लिहिले होते ‘दादा’. द जेथे आहे तेथे इंग्रजी ‘ओ’, काना जेथे आहे तेथे ‘ई’. सव्वीस माणसांना दिसले ते ‘ओईओई’. त्याखाली दहा ओळी अशाच, स्वल्पविराम, कंस आणि मध्येच एखादे मोठे अक्षर. दोह्याहून हसरी तोंडे आली. कोणी विचारले, बाळाने संगणक धरला काय? आम्ही दाईच्या महालाजवळ उभे राहून हाका मारीत होतो तेव्हा माझ्या खिशात हे सारे वाजत होते, आणि मीही हसलो, हे कबूल करावयास हवे.

परत आलो तो आत्याबाई मोबाईलकडे पाहत होत्या. पडदा कोरा. ‘‘मेले सगळे वाया गेले,’’ एवढेच त्या म्हणाल्या. नातवाला काय झाले ते क्षणात उमगले. त्याने ओळी पुसण्यासाठी धाव घेतली आणि सर्वांच्या मोबाईलांवरून त्या पुसल्याही, पण मध्ये दीड तास गेला होता. आत्याबाईंना आम्ही खरे ते सांगितले. त्यांनी एकच प्रश्न केला. ‘‘दादा त्या गटात आहे?’’

चुलते त्या गटात आहेत. सर्व वाचतात, स्वतः कधी एक अक्षर लिहीत नाहीत. त्या दुपारी त्यांनी ‘ओईओई’ पाहिले आणि ते हसले नाहीत. पस्तीस वर्षे उलटे खिळे वाचलेल्या माणसाला ओळीतील ठेका ओळखू येतो. त्यांनी अकरा ओळी पाठकोऱ्या कागदावर उतरवून घेतल्या आणि रात्री टेबलाशी बसून एकेक इंग्रजी अक्षर बोटाने आपल्या कळफलकावर शोधीत, त्या जागेवरचे मराठी अक्षर खाली मांडीत गेले. काकूंनी पुढे सांगितले की, मध्यरात्र उलटली तरी दिवा चालू होता.

सकाळी सात वाजता त्यांनी मला फोन केला. आवाज नेहमीसारखाच कोरडा. ‘‘एवढेच विचार तिला. चौथ्या ओळीत ‘माप’ आहे का ‘माफ’?’’

मला प्रथम काहीच कळेना. मग त्यांनी समजाविले. प आणि फ एकाच कळीवर आहेत, इंग्रजी ‘एच’च्या जागेवर. शिफ्ट धरली तर फ. बहिणीच्या ओळीत ‘एच’ लहान होता, म्हणजे शब्द होत होता ‘माप’. ‘मला माप करून दे’, असा त्या ओळीचा अर्थ लागे. नऊ वर्षे मोजणीवरून वाद चाललेला असताना तो अर्थ अगदी सरळ होता. पण बाकीच्या दहा ओळींशी तो जुळेना. ‘‘कापऱ्या हाताच्या करंगळीला शिफ्ट धरवत नाही,’’ ते म्हणाले. ‘‘तिने इतर ठिकाणीही तीनदा ती चुकविली आहे. भाताचे बात केले आहे. पण हा शब्द मी माझ्या मनाने दुरुस्त करणार नाही. जुळाऱ्याने मूळ प्रत बदलावयाची नसते. तू विचार.’’

मी पडवीत गेलो आणि विचारले. आत्याबाई बराच वेळ गोरखचिंचेच्या झाडाकडे पाहत राहिल्या. नंतर म्हणाल्या, ‘‘त्याला म्हणावे, मी पुन्हा लिहून पाठविते. त्याच्या एकट्याला.’’

त्या दिवशी नातवाने दोन कामे केली. कळफलकाच्या सेटिंगमधून आपल्या संगणकाची ओळख कायमची पुसून टाकली. हे प्रत्येकाने करावे. ज्या यंत्रावर आपला कळफलक तात्पुरता जोडला, ते परके असो वा घरचे, तेथून काम होताच ‘विसर’ अशा अर्थाची ओळ दाबून ओळख मोडावी. दुसरे असे की, शिफ्ट धरून ठेविण्याची गरजच राहू नये अशी सोय विंडोजमध्ये व पुष्कळ मोबाईलांत अपंगांसाठीच्या सेटिंगमध्ये असते. ती चालू केली म्हणजे शिफ्ट एकदा दाबून सोडावयाची आणि मग अक्षराची कळ दाबावयाची. दोन बोटे एकदम लागत नाहीत. ही सोय आम्हांला आधी माहीत असती तर एक अक्षर वाचले असते. तेथेच आणखी एक सोय असते. कळ क्षणभर दाबलेली राहिल्याशिवाय ती मोजावयाचीच नाही. कापऱ्या बोटाचे चुकून झालेले स्पर्श त्यामुळे गळून जातात. ज्यांच्या घरी हात कापणारे वडीलधारे आहेत त्यांनी ह्या दोन गोष्टी कळफलक विकत घेण्यापूर्वीच पाहून ठेवाव्यात. तसेच, हा कळफलक काही मिनिटे न वापरल्यास झोपी जातो. जागे करताना पहिली कळ बहुधा वाया जाते, म्हणून आरंभी एकदा लांब कळ दाबून मग लिहावे. आणि पहिला शब्द पडद्यावर उमटला की नाही हे डोळ्यांनी पाहावे. टंकयंत्राची शिस्त येथे मोडावी लागते.

आत्याबाईंचे दुसरे पत्र त्याच दिवशी संध्याकाळी गेले. ते मी वाचलेले नाही. चुलत्यांचे उत्तर आले ते टपालाने, दहा दिवसांनी, शाईने लिहिलेले, पाकिटावर त्यांच्या त्या सरळ उभ्या अक्षरांत पत्ता. आत्याबाईंनी ते उशीखाली ठेविले आहे, असे नातू सांगतो. मोजणीचा अर्ज मात्र अद्याप मागे घेतलेला नाही, असेही कानी आहे. दोघांची मुले आता त्यांच्याहून अधिक हट्टी झाली आहेत.

महिन्याच्या महिन्याला पत्रे पुन्हा येऊ लागली आहेत, आता मोबाईलवरून. मात्र अक्षर मोत्याचे ते गेलेच. शेवटी सर्वांची नावे घेऊन आशीर्वाद पूर्वीसारखाच असतो. कळफलकाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यातील २ आणि ३ ह्या कळांवर आत्याबाईंनी जखमेला लावावयाची चिकटपट्टी दुहेरी करून डकविली आहे. नातू म्हणतो, ओळख पुसली आहे, आता तिची गरज नाही. त्या ती काढू देत नाहीत.